धक्क्यावरची दोन नाकं

"परत," ताई म्हणाली आणि काकांनी कॅनवर खडूने फुली मारली.

दूधवाल्याचं तोंड एवढंसं झालं, पण त्याने हुज्जत घातली नाही. डेअरीच्या धक्क्यावर या दोघांशी कुणी हुज्जत घालत नसे. यंत्राला दुधातलं पाणी कळतं, फॅट कळतं; पण दूध नुकतंच आंबायला लागलंय हे यंत्राने सांगेपर्यंत ते टाकीत जाऊन बसलेलं असतं. म्हणून रोज सकाळी दोनशे कॅन आणि दोन नाकं.

रीत ठरलेली होती. काका झाकण उघडत, वास घेत आणि काही न बोलता झाकण ताईकडे देत. ताई वास घेई आणि निकाल सांगे. तो पटला की काका खडू चालवत. आधी धाकट्याने बोलायचं, हा नियम काकांनीच घातला होता. मोठा आधी बोलला की धाकटा नुसती मान डोलावतो, हे त्यांनी उमेदवारीत स्वतः करून पाहिलं होतं.

आता काकांची पंचाईत अशी होती, की गेल्या वर्षीच्या हिवाळ्यापासून त्यांना वासच येत नव्हता.

त्या हिवाळ्यात आलेल्या तापाने अख्खा धक्का झोपवला होता. ताई आठ दिवसांत उठून कामावर आली, काकांना महिना लागला. ताप गेला, खोकला गेला, आणि वास गेला तो गेलाच. "नाक ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले, "पण विषाणूने मेंदूतली वास ओळखणारी जागा बिघडवलीय. कदाचित सुधारेल. वर्ष उलटलं तर मात्र फारशी आशा धरू नका." वर्ष उलटून दोन महिने झाले होते. घरी गॅस बंद आहे की नाही ते बायको दोनदा बघायची. नातीचं डोकं हुंगताना काकांना रडू यायचं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

"कामावर सांगून टाका," बायको म्हणायची.

"वास घ्यायचा पगार मिळतो मला. सांगितल्यावर ठेवतील कशाला?"

मग काकांनी डोळ्यांवर काम भागवलं. उशिरा आलेला कॅन, कडेला चिकटलेली साय, नजर चुकवणारा दूधवाला. संशय आला की ते पूर्वीसारखंच नाक आक्रसत. सवयच होती ती, आणि सोडली असती तर लोकांच्या लक्षात आलं असतं. गंमत म्हणजे त्यांचा अंदाज आणि ताईचा निकाल दर वेळी नेमका जुळायचा. सुरुवातीला काका चकित झाले, मग थोडे फुशारलेही. मधे एकदा अख्खी टाकी नासली तेव्हा आता आपलं बिंग फुटणार असं त्यांना वाटलं. पण ते कॅन ताईनेही पास केले होते, आणि खापर दूध थंड करणाऱ्या यंत्रावर फुटलं.

भीती एकच होती. ताईला संशय आला असावा. हल्ली तिची नजर सारखी त्यांच्यावर असायची. एकदा तर जेवणाचा डबा त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "काका, कालचं आहे. खाऊ ना?"

आपली परीक्षा चाललीय, काकांनी ओळखलं. डबा हुंगून ते ऐटीत म्हणाले, "खा खुशाल."

पुढचे दोन दिवस ताई पोट धरून घरी होती. परत आल्यावर तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निवृत्तीला तीन दिवस उरले तेव्हा मॅनेजरने काकांना बोलावून घेतलं.

"ताई धक्का एकटीने सांभाळायला नाही म्हणतेय. पगार वाढतोय, तरी नाहीच. तुम्ही समजवा तिला. नाहीतर बाहेरचा माणूस आणावा लागेल आणि तिला बाटल्या धुवायला पाठवावं लागेल."

दुसऱ्या दिवशी शेवटचा कॅन आत गेल्यावर काका उलट्या क्रेटवर बसले. समोर धक्का पाण्याने धुतला जात होता.

"एकटीने का नको म्हणतेस?"

"तुमच्याशिवाय नाही जमायचं, काका."

"पुरे झाला तुझा विनय."

"विनय कसला. खरंच सांगतेय."

काकांना फार वाईट वाटलं. इतकी हुशार बाई, आणि आपल्या दबदब्यापुढे तिला स्वतःची किंमतच कळली नव्हती. चौदा महिने जिच्या जिवावर आपण पगार घेतला, तिला बाटल्या धुवायला पाठवायचं? ते त्यांना सहन होईना.

"ऐक," ते म्हणाले. "मला वास येत नाही. त्या तापापासून नाही येत. चौदा महिने या धक्क्यावर एकच नाक आहे, आणि ते तुझं आहे. एवढी लहान पोरं हे दूध पितात, ती तुझ्याच भरवशावर. आता तरी पटलं का? मी गेल्याने काही अडणार नाही."

सांगून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. ताई चिडेल, निदान चार शब्द सुनावेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ती मटकन शेजारच्या क्रेटवर बसली.

"काका," ती म्हणाली, "तो ताप मलाही आला होता. मी तर तुमचं नाक बघून सांगत होते."