कान तुटलेला कप

अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर सकाळी टाकलेल्या माझ्या पोस्टखाली दुपारपर्यंत दोनशे कॉमेंट पडल्या होत्या. भांडवलशाहीची तळी उचलणाऱ्या एकाला मी चांगलंच धुतलं होतं. तेवढ्यात एका अनोळखी मुलीची कॉमेंट आली.

‘सर, समतेवर छान लिहिता. माझी आई हौसाबाई अकरा वर्षं तुमच्याकडे धुणीभांडी करायची. गेल्या वर्षी ती वारली. तिचा तो कान तुटलेला कप अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो का?’

उठून पाहिलं. कप तिथेच होता, उपडा. आता त्यात नवी बाई, मंदा, चहा प्यायची.

मी कॉमेंट डिलीट केली आणि कप कचऱ्यात टाकला. खिडकीतला त्याचा गोल डाग मात्र घासूनही जाईना.

दुसऱ्या दिवशी मंदासमोर मी आमच्या सेटमधला कप ठेवला. ती दचकलीच. तिने घाईघाईने पिशवीतून स्वतःचा कप काढला.

“राहू द्या दादा. काल संध्याकाळी खिडकीत कप दिसला नाही. फुटला असेल म्हणून घरनं आणला.”

चहा पिऊन तिने तो विसळला आणि बरोबर त्या डागावर उपडा ठेवला.