पहिल्या बाकावरची झोप

"ए डुलक्या! ऊठ!"

अर्थशास्त्राच्या मॅडमचा आवाज असा, की शेजारच्या वर्गातली मुलंही दचकली. उगाच नाही पोरं त्यांना मागून भोंगा म्हणायची. पहिल्या बाकावरचा मुलगा ताडकन उभा राहिला. गालावर वहीच्या तारेचे वळ उठले होते. वर्ग खिदळला.

अहो, झोपायचंच तर माणूस शेवटचा बाक धरतो, कुणाच्या तरी पाठीआड बसतो. हा शहाणा रोज मॅडमच्या नाकासमोर येऊन बसायचा आणि हजेरी होते न होते तोच मान टाकायचा. बाकीच्या तासांना मात्र टक्क जागा, डोळे लालभडक. मग हा मुद्दाम करतो, असं मॅडमनी धरलं. त्यांचं तरी काय चुकलं?

"रात्रभर काय दिवे लावतोस रे?"

"झोप लागत नाही, मॅडम."

"मोबाइलमध्ये डोकं घातल्यावर लागेल कशी? आणि माझ्या तासाला बरी लागते! बास झालं. उद्यापासून या वर्गात पाऊल टाकायचं नाही."

"सुटलास लेका!" मागून कुणीतरी कुजबुजलं. पण तो रडकुंडीला आला.

"पाया पडतो, मॅडम. दुसरी कुठलीही शिक्षा द्या. तासाला बसू द्या."

"का? खोलीवर गादी नाही?"

वर्ग पुन्हा हसला.

"आहे. दोन आहेत." त्याने बाकाची कड घट्ट धरली. "माझा मावसभाऊ आणि मी एकत्र राहायचो. एका रविवारी तो उठलाच नाही. मी म्हटलं, दमलाय, झोपू दे. चहा केला, कपडे धुतले. दुपारी हलवलं, तर गार पडला होता."

हसणं जिथल्या तिथे थांबलं. मॅडम त्याच्या बाकाजवळ आल्या. एवढा मोठा आवाज, पण त्यांनी तो पहिल्यांदाच खाली आणला.

"डॉक्टरांना... दाखवलंस?"

"गोळ्या दिल्यात. घ्यायचं धाडस होत नाही. डोळा लागला की वाटतं, मीही तसाच पडून राहीन आणि कुणाला कळणारही नाही." त्याने मान खाली घातली. "तुमच्या तासाला ती भीती वाटत नाही, मॅडम. तुम्ही कुणालाच झोपून राहू देत नाही."