सूर्याचा पत्ता

माझी बायको आयजामाल गेल्याचं इस्पितळातून कळलं, त्या दिवशी बिश्केकच्या बाजारातलं आमचं मोज्यांचं दुकान मी दिवसभर बंद ठेवलं. तिथेच एका उलट्या खोक्यावर ती टॅरोचे पत्ते मांडून भविष्य सांगायची. कुणाला आभार मानू द्यायची नाही. मानले की सांगितलेलं उलटं फिरतं, म्हणायची.

तिची गड्डी मी घरी कुलपात ठेवली. तरी रोज दुकान उघडलं की खोक्यावर एक पत्ता उताणा पडलेला असतो.

आज सूर्य होता.

"रशियातला मुलगा येणार तुमचा," शेजारची बुरुल म्हणाली. "सूर्य निघाला की वहिनी हेच सांगायच्या, दूरचं माणूस घरी येतं. आता तोंड आवरा, दादा. तेवढंच तुम्हाला जमत नाही."

वर्षभर त्याची खबर नव्हती. दुपारी फोन आला. "बाबा, गाडीत बसलोय."

मी पत्ता उचलला. नुकताच कुणाच्या हातातून सुटल्यासारखा तो कोमट होता.

मुलगा अजून वाटेत आहे. तिचे आभार मानायचे राहिलेत.