माणूसघाणा

या खेपेचे पाहुणेही डोंगरकड्याच्या फाट्यावरूनच परत फिरले आणि सिंधूबाईंनी केलेला शिरा घरच्यांनीच खाल्ला.

त्यांचा नवरा नामाजी मेंढरांमागं हिंडणारा माणूस. बोलणं कमी, पण दारी आलेल्याला चहाविना कधी पाठवलं नाही. तरी परतलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी एकच शब्द होता : मुलीचा बाप माणूसघाणा आहे. ज्याला माणसाचीच शिसारी, त्याच्याशी सोयरीक कोण करणार?

"आबा, मनाला लावून घेऊ नका," राधिका म्हणायची. "लोकाच्या तोंडाला कोण हात लावंल?"

बारावीनंतर तिला नांदेडला नर्सिंग शिकायचं होतं. 'आधी लगीन, मंग काय ते शिक,' असं नामाजीनं सांगितल्यावर तिनं तो विषय पुन्हा काढला नव्हता. गुणाची पोर!

मग हे विष पेरतंय कोण? फाट्यावर हॉटेल एकच, उद्धवचं. तो नामाजीचा लहानपणापासूनचा जिवलग. जिवलगानंच दगा द्यावा, हे नामाजीला सहन झालं नाही. तो तरातरा हॉटेलात गेला.

"माझ्या लेकराच्या लग्नात काहून बिब्बा घालून राहिला रे?"

"तुझी आण, नामा. म्या एक सबद बोललो न्हाई."

"आजपासून तू मला मेलास."

उद्धव भर गिऱ्हाइकांत रडला. नामाजीनं त्या दिवसापासून गावाशी बोलणंच टाकलं. आता मात्र गावही म्हणू लागलं, माणूसघाणा झालाय खरा.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्या सालची ही गोष्ट. दिवाळीनंतर कळमनुरीकडचे ग्यानोबा मुलाला घेऊन यायचे होते. नामाजी स्वतःच फाट्यावर गेला. बघतो तर दोघं परतीच्या एसटीची वाट बघत उभे!

"मीच नामाजी," त्यानं हात जोडले. "येक डाव घरी चला. माणूस कसा हाय ते डोळ्यानं बघा, मंग जा."

ग्यानोबांना भीड पडली. घरी पाणी झालं, पाऊसपाण्याच्या गप्पा झाल्या, हसणंही झालं.

"तुमी तर लई साधे," ग्यानोबा म्हणाले. "आमी उगंच ऐकलं."

"कोणाचं? त्या हॉटेलवाल्या उद्धवचंच ना?"

"त्याला आमी वळखत बी न्हाई. फाट्यावरून पाणंदीत वळलो, तर एक पोरगी भेटली. म्हणली, त्या माणूसघाण्याच्या दारात जाऊ नका, कुत्रं सोडतो."

तेवढ्यात सिंधूबाईंनी आतून राधिकेला पुढं केलं. डोईवर पदर, हातात पोह्यांच्या बश्या. नामाजीनं कौतुकानं लेकीकडं पाहिलं.

ग्यानोबांनी बशी घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"अवं, हीच की ती पोरगी!"