खडकात थांबलेली

"एक अक्षर चुकलंय, बाई." मास्तरांनी कागदावर नख टेकवलं. "लिथिहिप्ना. लिथोस म्हणजे दगड, हिप्नोस म्हणजे झोप. दोन्ही शब्द ग्रीक. ग्रीक शब्द जोडताना मधे 'ओ' येतो, 'इ' लॅटिनचा. तुम्ही याची टोपी त्याच्या डोक्यावर घातलीत."

पाहुणी हसली. ती जीवाणूंवर काम करायची. केस पिकायला लागलेले, बोलणं मऊ. खोल खाणीत तिला एक जीवाणू सापडला होता. ओळखीच्या कुठल्याच गोतावळ्यात तो बसेना, म्हणून आख्ख्या प्रजातीलाच नवं नाव हवं होतं.

मास्तरांनी जन्मभर ग्रीक आणि लॅटिन शिकवलं होतं. नावं तपासून घ्यायला त्यांच्याकडे संशोधकांची रीघ लागायची. हल्ली मात्र कुणी फिरकत नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"दगडात झोपलेली. अर्थ तरी बरोबर आहे ना, सर?"

"आधी वस्तू दाखवा. न बघता नावं ठेवायला मी काय शेजारी आहे?"

तिनं पिशवीतून छोटा सूक्ष्मदर्शक काढून टेबलावर ठेवला, काच बसवली, आरसा उजेडाकडे वळवला. मास्तर वाकले. आधी नुसतंच धुकं दिसलं. मग धुक्यात बारीक काड्या उमटल्या. त्यातली एक थरथरली.

"अहो, हलतेय ही!"

"खडकाच्या फटीत थेंबभर पाणी अडकलं होतं, त्यात होती. माणूस जन्माला आला त्याच्या कितीतरी आधीपासून. आम्ही जराशी ऊब दिली, जरासं खायला दिलं. कितीतरी दिवस काहीच नाही. मी तर आशा सोडली होती. मग एका सकाळी बघते तर, एकीच्या दोन झालेल्या."

मास्तरांचा डोळा भिंगाला चिकटून राहिला. वर डोंगर उभे राहिले आणि झिजून गेले. माणसं आली, भाषा आल्या. त्यांतल्या किती मेल्या, त्यांना रडायलाही कुणी उरलं नाही. आणि खाली, डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही अशा काळोखात, एवढासा हा जीव तग धरून होता. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"झोप नव्हे हो ही," ते हळूच म्हणाले. "झोपलेल्याला कुणाचं काय पडलेलं असतं? हिनं वाट पाहिलीय. मेनेइन! थांबणं, टिकणं, वाट बघणं, सगळं त्या एका क्रियापदात आहे. लिहा, लिथोमेना."

पाहुणीचं पेन जागचं हललं नाही. "अक्षरं सांगाल, सर?"

त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, शाळेतल्या पोरीला सांगावं तसं. "शेवटी 'आ'. स्त्रीलिंगी. चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. शास्त्रज्ञ असून मन हळवं आहे, मास्तरांना वाटलं. आणि त्यात नवल ते काय? असलं काही पाहिल्यावर दगडालाही पाझर फुटेल.

तिनं सामान आवरलं, जाता जाता त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. दाराशी चहाचा कप न्यायला आलेला शिपाई उभा होता. दोघं हलक्या आवाजात बोलू लागली. मास्तरांचे कान अजून तिखट होते.

"काय ताई, आज कुठलं नाव निघालं?"

"तेच. छापून कितीतरी वर्षं झाली, जगभर तेच चालतं. मी दर गुरुवारी तेच चुकीचं नाव घेऊन येते, आणि बाबा दर वेळी तिथेच पोचतात. एकदाही चुकले नाहीत."

"आणि तुम्हाला? ओळखलं?"

"नाही. पण तो काटा पाहिलात ना त्यांच्या अंगावर? दर वेळी पहिल्यांदाच येतो."

कोण कुणाचा बाप, कोण जाणे, मास्तरांच्या मनात आलं; पण गडी नशीबवान दिसतो.