सव्वीसवर ठेवा

"दाजी, रिमोट इकडे द्या."

टेलरकाकांनी रिमोट पाठीमागे धरला. मेव्हणा खोलीच्या दारात उभा होता. सकाळपासून घराचा सगळा कारभार त्यानेच हातात घेतला होता.

"एसी सव्वीसवर केलाय फक्त," काका म्हणाले. "तिला थंडी सोसत नाही. तुझीच बहीण आहे, तुला माहीत असायला हवं."

"माहीत आहे हो." मेव्हण्याने त्यांच्या मुठीतून रिमोट हलकेच सोडवून घेतला आणि आकडा थेट सोळावर आणला. "डॉक्टर काय म्हणाले? खोली गार ठेवा म्हणाले ना?"

म्हणाले होते खरं. डॉक्टरांच्या शब्दापुढे शिंप्याचं काय चालणार?

या एसीने नवरा-बायकोत जेवढी भांडणं लावली, तेवढी दोन्हीकडच्या नातेवाइकांना मिळूनही जमली नव्हती. दुकानात दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहून काका घरी येत आणि बावीसवर लावत. ती सव्वीसवर नेई. काका आंघोळीला गेले की आकडा वर, ती स्वयंपाकघरात गेली की खाली. शेवटी चोवीसवर तह झाला आणि तो तहही दोघांनी रोज इमानेइतबारे मोडला. "मला काय भाजी समजलात, फ्रिजमध्ये ठेवायला?" असं ती पांघरुणातून ओरडायची, आणि काका दुसरीकडे तोंड करून हसायचे.

आज त्याच काकांना सव्वीस हवं होतं, तर कोणी ऐकायला तयार नव्हतं.

ते पलंगाजवळ स्टुलावर बसले. शेजारीणबाईंनी तिचे केस नीट विंचरून दिले होते. डोळे मिटलेले होते. काकांनी तळपायाला हात लावून पाहिला. गार. उठून त्यांनी कपाटातली दुलई काढली. गिऱ्हाइकांच्या कोटांचं उरलेलं अस्तर जोडून त्यांनीच ती तिच्यासाठी शिवली होती. त्यांनी ती हळूच तिच्या पायांवर टाकली.

"काका, नको ना," चहा घेऊन आलेल्या शेजारीणबाई म्हणाल्या. त्यांनी कप खिडकीत ठेवला आणि दुलई उचलून घडी घातली. "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"माझ्याच घरात मी बाहेर बसू?"

बाई दुलई बाजूला ठेवून बाहेर गेल्या. चहा तसाच निवत राहिला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

"बाबा, मामा सांगतो तसं करा. मी संध्याकाळपर्यंत पोचतो."

"अरे, पण सोळा म्हणजे फार होतं रे. तिला जन्मात कधी सोसलं नाही."

"मला कळतंय, बाबा. पण मला तिला भेटायचंय. तेवढं करा माझ्यासाठी."

आता मुलगाही त्यांच्या बाजूने नव्हता. काकांनी फोन ठेवला. आयुष्यभर लोकांच्या अंगाला बसेल असं शिवलं, आणि घरच्या माणसाला हवं तेवढं ऊबदार ठेवणं हातात नाही, याचं त्यांना रडू यायला लागलं.

आणि मग वीज गेली. एसी घरघरत बंद पडला.

काकांना बरं वाटलं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं. बाहेर धावपळ सुरू झाली, मेव्हणा कोणाला तरी फोन करायला जिन्याकडे पळाला. काकांनी ती संधी साधली. दुलई उलगडून त्यांनी तिच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि कडा नीट खोचल्या.

"घे, झालं तुझ्या मनासारखं," ते वाकून म्हणाले. "हरलो मी."

एरवी जिंकल्यावर ती दोन दिवस ऐकवायची. आज काही बोलली नाही.

बाहेरून मेव्हण्याचा आवाज येत होता. "वीज कधी येईल ते सांगता येत नाही म्हणतात. तुम्ही आणाच. हो, मोठ्या. तिसरा मजला."

थोड्या वेळाने दोन माणसं गोणपाटात गुंडाळलेलं ओझं घेऊन वर आली. जिन्याच्या पायऱ्यांवर पाणी ठिबकत होतं. काका दोन्ही हात पसरून खोलीच्या दारात उभे राहिले.

"आत नाही आणायचं. हे माझं घर आहे. मी नाही म्हणतोय ना!"

माणसं गोंधळून थांबली. मेव्हण्याने काकांना कवेत धरलं आणि तसंच बाजूला ओढलं. तोही रडत होता. शेजारीणबाईंनी आत जाऊन दुलई काढून घेतली.

"बर्फाच्या लाद्या दोन्ही बाजूंना लावा," मेव्हणा त्या माणसांना म्हणाला. "मुलगा येईपर्यंत देह टिकला पाहिजे."