गोशाळेचे जिवाणू

"पंत, सांडपाण्याच्या हौदात काय ओतलंत?" अभियंता शाल्मलीने कपाळाला हात लावला.

"फिनेल. तपासनीस यायचेत, स्वच्छ नको?" गोशाळेचे विश्वस्त दामोदरपंत प्रसन्नपणे उत्तरले. हौदातून बाहेर सोडलेल्या पाण्यात अमोनिया आढळल्यास गोशाळेला टाळे लागणार होते.

"अहो, तो अमोनिया खाणारे जिवाणू मारलेत तुम्ही! कोट्यवधी!"

मुंग्यांना नित्य साखर घालणाऱ्या पंतांना दरदरून घाम फुटला.

सुदैवाने हौदातून निघणारे पाणी झिओलाइट नावाच्या खनिजाच्या खड्यांतून गाळले जाई. त्या मुक्या पाषाणांनी अमोनिया शोषून धरला आणि तपासनीस संतुष्ट होऊन गेले.

"खडे पंधरवडाभर तग धरतील," शाल्मली म्हणाली. "हौद धुऊन घ्या आणि नवे जिवाणू आणा. नगरपालिकेच्या मैलाशुद्धी केंद्रातल्या गाळात ते मिळतात."

दुसऱ्या दिवशी स्नानसंध्या आटोपून, सोवळे नेसून पंत स्वतः केंद्रावर गेले. परतताना हातातली झाकलेली कळशी पाहून भाविकांनी रस्त्यातच ओंजळी पुढे केल्या. "पंत, थोडं तीर्थ द्या ना!"

"थांबा!" पंत गरजले. "गावाचा मैला आहे हा. पण यातले जिवाणू आता गोशाळेचे; एक थेंब जरी सांडलात, तर गोहत्येचं पाप लागेल!"